घाटातून निघालेली होडी

बेळगाव भागातल्या माणसाला इंदूर तसे परके वाटत नाही. आपल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळीमठ पुढे कुमार गंधर्व झाले, आणि १९४८ साली क्षयाने आजारी असताना कोरड्या हवेसाठी इंदूरशेजारच्या देवासला गेले ते १९९२ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत तिथलेच होऊन राहिले. उलट दिशेचे उदाहरण राहुल द्रविडचे. १९७३ साली मराठी घरात इंदूरला जन्म, आणि सगळी वाढ बंगळूरला. माळवा आणि कर्नाटक यांच्यात अशी देवघेव चालूच असते.

आमच्या घरातही ती झाली. माझी थोरली बहीण, म्हणजे अक्का, लग्न होऊन इंदूरला गेली त्याला तीस वर्षे होऊन गेली. तिकडच्या मराठीला हिंदीचा लगाव, आपल्या मराठीला कन्नडचा. त्यामुळे तिच्या घरात तिन्ही भाषा सुखाने नांदतात. नातेवाईकांशी मराठी, भाजीवाल्याशी ‘भिया’ म्हणत हिंदी, आणि राग आला की मात्र थेट कन्नड. तिची मुले म्हणतात, आईने ‘अय्यो’ म्हटले की आम्ही अभ्यासाला बसतो.

इंदूर म्हटले की काय आठवते? राजवाडा, लालबाग, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, सकाळचे पोहे-जिलेबी, रात्रीचा सराफा, आणि २०१७ पासून स्वच्छतेचा पहिला नंबर. होडी काही कोणाला आठवत नाही. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवरचे हे शहर. मुंबईचा समुद्र इथून रस्त्याने जवळजवळ सहाशे किलोमीटर. म्हणून २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत अक्काच्या घरी पोचलो आणि फाटकाच्या आत, तुळशीवृंदावनाच्या शेजारी, निळ्या ताडपत्रीखाली चांगली सोळा फुटी शिडाची होडी दोन चाकांच्या ट्रेलरवर उभी पाहिली, तेव्हा आधी मला वाटले की लग्नाच्या मांडवाचे सामान आहे.

ती भावोजींची होती. भावोजी सैन्यातून निवृत्त. नोकरीतली बरीच वर्षे महूला गेली, पण तरुणपणी कुठल्याशा पोस्टिंगवर त्यांनी शीड हाकायला शिकून घेतले होते, आणि ते वेड गेले नव्हते. मुंबईकडच्या एका गृहस्थांची जुनी होडी त्यांनी विकत घेतली, ट्रकवर घालून आणवली, आणि तेवढ्यात करोना आला. दोन वर्षे होडी तुळशीपाशीच. त्यात एका गुडघ्याचे ऑपरेशन झाले. अक्काला वाटले, आता हे खूळ सुटेल. भावोजींना वाटले, आता नाही तर कधीच नाही. मी गेलो तेव्हा घरात हा वाद ऐन रंगात होता आणि दोघांनाही माझे मत हवे होते. मी दिवाळीचा फराळ करत राहिलो.

तसे पाहिले तर माळव्याला होड्यांचे वावडे नाही. अहिल्याबाईंनी राजधानी महेश्वरला नेली ती नर्मदेच्या काठी, आणि तिथल्या घाटावर केवटांच्या नावा आजही आहेत. इंदूरलगतचा सिरपूर तलाव आणि गंभीर नदीवरचा यशवंतसागर या दोन्ही पाणथळ जागा २०२२ साली रामसर यादीत गेल्या. पण त्या पक्ष्यांच्या जागा, तिथे मोटर फडफडवणे शोभणार नाही. शिडाच्या होड्यांचे खरे ठिकाण भोपाळ. तिथल्या मोठ्या तलावावर राष्ट्रीय सेलिंग स्कूल आहे. समुद्र नसलेल्या या राज्यातल्या हर्षिता तोमरने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत शिडाच्या होडीत कांस्यपदक मिळवले. आणि आमच्या प्रवासाला वर्ष व्हायच्या आत, सप्टेंबर २०२३ मध्ये, हांगझोऊला नेहा ठाकूरने रौप्य जिंकले. ती देवास जिल्ह्यातल्या अमलतास गावची, शेतकऱ्याच्या घरातली. भावोजींनी त्या दिवशी बेळगावला फोन करून मला तासभर त्या शर्यती समजावून सांगितल्या. कुमारजींच्या देवासची मुलगी वाऱ्यावर स्वार होऊन पदक आणते, याचा मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

भावोजींची होडी शर्यतीची नव्हे, कुटुंबाने बसून फिरायची. शर्यतीच्या छोट्या होड्यांना मोटर नसते. हिला मागच्या फळीवर लटकवायची पाच अश्वशक्तीची चार-स्ट्रोक मोटर होती, वजन पंचवीस किलो. वारा पडला तर परत कसे यायचे, म्हणून. जायचे ठरले होते हनुवंतियाला, म्हणजे इंदिरासागर धरणाच्या फुगवट्यावर. खंडवा जिल्ह्यातले हे ठिकाण. २०१६ पासून तिथे जलमहोत्सव भरू लागला, त्याने नाव झाले. भावोजींनी रीतसर परवानगी आधीच काढून ठेवली होती. इंदूरहून अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटर. पण मध्ये माळव्याचे पठार संपते आणि रस्ता निमाडात खाली उतरतो. तो उतार म्हणजे भेरूघाट.

पहाटे निघालो. बोलेरो, तिच्या मागे ट्रेलर, ट्रेलरवर होडी, होडीवर आडवी बांधलेली डोलकाठी, तिच्या मागे आलेल्या टोकाला लाल फडके. ट्रेलरला स्वतःचा नंबर होता; आपल्या कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच धरतात, हे मला त्या दिवशी कळले. गाडी चालवायला सनावदचा एक निमाडी ड्रायव्हर. त्याने आयुष्यभर कापसाच्या ट्रॉल्या ओढल्या होत्या. भावोजी पुढे, मी आणि अक्का मागे. अक्का ‘येणार नाही’ म्हणत म्हणत दशम्या बांधून गाडीत बसली होती.

निघण्यापूर्वीच भावोजी आणि ड्रायव्हर यांची एक फेरी झाली होती. मोटर होडीच्या मागच्या फळीवर, जागच्या जागी, वर उचलून खुंटीत अडकवलेली होती. ड्रायव्हर म्हणाला, ‘साहब, इसको उतार लो.’ भावोजी म्हणाले, बसवायला-काढायला अर्धा तास जातो, माझा गुडघा साथ देत नाही, आणि कंपनीने ती खुंटी त्याचसाठी दिली आहे. इथे मी जरा थांबतो, कारण पुढचे सगळे या वादावर अवलंबून आहे.

ती खुंटी पाण्यासाठी असते. होडी उथळ पाण्यात आली किंवा काठाला लावली की मोटरचा पंखा तळाला घासू नये म्हणून मोटर तिरकी उचलून ठेवतात, आणि तेवढा वेळ खुंटी तो भार धरते. रस्त्याची गोष्ट वेगळी. तिरकी उचललेली मोटर फळीच्या बाहेर, मागे, लांब दांड्यासारखी लोंबते. पाण्यावर होडी हळू डुलते. रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला ट्रेलर आपटतो, आणि त्या क्षणी पंचवीस किलोची मोटर फळीला तिच्या वजनाच्या कितीतरी पट हिसका देते. हातात घागर सरळ धरणे आणि हात लांब करून धरणे यात जो फरक, तोच. असे हजार हिसके बसले की पकडीचे स्क्रू सैल होतात, फळीला चिरा जातात, जुन्या होडीत फळीच्या आतले लाकूड ओलाव्याने मऊ झालेले असेल तर विचारायलाच नको. मोटर उभी ठेवावी तर तिचा खालचा पंख रस्त्यापासून वीतभर उरतो आणि पहिल्याच गतिरोधकाला लागतो. मोठ्या बोटींच्या जड मोटरी उतरवता येत नाहीत, म्हणून त्यांना खालून ट्रेलरला टेकणारा आधाराचा दांडा लावतात. छोट्या मोटरला सोपा उपाय असा की ती काढून गाडीत ठेवावी. चोरीचीही भीती राहत नाही.

हे सगळे भावोजींना माहीत नव्हते असे नाही. माहीत असलेली गोष्ट आणि गुडघा यांच्यात गुडघा जिंकला, इतकेच.

तेजाजीनगरचा चौक ओलांडून खंडवा रस्त्याला लागलो आणि थोड्या वेळाने मला मागच्या काचेतून दिसले की होडी शेपूट हलवल्यासारखी डावी-उजवीकडे झुलते आहे. फार नाही, वीतभर. ड्रायव्हरने वेग चाळिसावर आणला की थांबे, पंचावन्नला गेला की पुन्हा सुरू. तेवढ्यात मागून एक लक्झरी बस जोरात पुढे गेली. तिच्या वाऱ्याने झोल वाढला आणि बोलेरोचेही बूड हलल्याचे चौघांनाही कळले. अक्काने माझा दंड धरला. ‘निधान, निधान,’ ती ड्रायव्हरला कन्नडमधून म्हणाली. त्याला भाषा समजली नसेल, अर्थ समजला. त्याने ब्रेक लावला नाही, स्टिअरिंगशी झटापट केली नाही. फक्त पाय अलगद वर घेतला. झोल आपोआप मेला. अशा वेळी घाबरून ब्रेक मारणारा माणूस ट्रेलरसकट आडवा होतो, असे तो नंतर म्हणाला.

सिमरोलला, जिथे आता आयआयटीचे मोठे आवार आहे, त्याने गाडी बाजूला घेतली, उतरून ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला हात घातला, आणि तो जवळजवळ एका हाताने उचलून दाखवला. मग भावोजींकडे वळून एकच वाक्य बोलला. ‘साहब, गाड़ी उलार है.’

उलार! वाचकहो, हा शब्द मी चाळीस वर्षांपूर्वी आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकला होता. बैलगाडीत पोती मागे भरली की गाडी उलार होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, आणि चढाला तर बैल अधांतरी लटकायची पाळी येते. पुढे जास्त भरली की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून गाडी भरणारा माणूस जाणता लागे. शेवटची दोन पोती कुठे टाकायची हे तो धुरेला हात लावून ठरवी. हल्ली आपल्याकडे उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर बघतो, त्यांच्या मागे सापांसारख्या वळवळणाऱ्या ट्रॉल्या बघतो, पण तो शब्द काही कोणी वापरत नाही. तो मला सिमरोलच्या रस्त्यावर एका निमाडी ड्रायव्हरकडून, हिंदीत, परत मिळाला.

होडीच्या ट्रेलरचे शास्त्र याहून निराळे नाही. दोन चाकांच्या ट्रेलरच्या आसाच्या पुढे थोडे जास्त वजन हवे, म्हणजे त्याचा दांडा गाडीच्या हुकावर दाबून बसतो. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा असे मानतात; थोडे कमी चालते, फार कमी चालत नाही. वजन आसाच्या मागे गेले की ट्रेलर मागून ढकलला जाणारा होतो. वाऱ्याचा किंवा खड्ड्याचा छोटासा धक्का विरून जाण्याऐवजी प्रत्येक झोक्याला वाढत जातो, आणि वेग जितका जास्त तितका लवकर. उतारावर तर ट्रेलर स्वतःच गाडीला ढकलत असतो.

भावोजी फौजी माणूस. त्यांना ‘वाटते’ हा शब्द आवडत नाही. ते म्हणाले, मोजू. रस्त्याकडेला बटाट्याच्या एका व्यापाऱ्याचे दुकान नुकतेच उघडत होते. त्याच्याकडे पोती तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. काट्यावर लाकडाचे ठोकळे रचून तो हुकाच्या उंचीइतका केला, ट्रेलर सोडवून त्याचा दांडा त्यावर टेकवला. दहा-बारा माणसे जमली. होडी कुठली, चालते कशी, आतून मासे निघतात का, सगळे विचारून झाले. आकडा आला पंधरा किलो.

ट्रेलर आणि होडी मिळून साडेचारशे किलो, मोटर-नांगर-पेट्रोल धरून पाचशेच्या घरात. म्हणजे हुकावर जेमतेम तीन टक्के. भावोजींनी व्यापाऱ्याच्याच पावतीपुस्तकाच्या मागे हिशेब मांडला. मोटर आसाच्या मागे सव्वादोन-अडीच मीटरवर, हूक आसाच्या पुढे चार मीटरवर. तेव्हा पंचवीस किलोची मोटर हुकावरचे पंधरा किलो उचलते. त्यात मागच्या खणात नांगर, त्याची साखळी आणि पेट्रोलचा डबा. ते आणखी आठ किलो उचलतात. एकट्या मोटरचा हा पराक्रम नव्हता, पण मोठा वाटा तिचाच.

मग मात्र त्यांनी गुडघ्याचे नाव काढले नाही. मोटर उतरवली. यालाही रीत असते. आधी तिच्यातले उरलेले पेट्रोल काढून टाकायचे, टाकीचा हवेचा स्क्रू बंद करायचा. चार-स्ट्रोक मोटर कोणत्याही कुशीवर निजवून चालत नाही. कंपनीने खूण केलेल्या कुशीवरच ठेवायची, नाही तर तळातले तेल सिलिंडरमध्ये उतरते. शिवाय डोके पंख्यापेक्षा थोडे वर राहील असे बघायचे, म्हणजे पंख्याच्या बाजूला उरलेले पाणी इंजिनात जात नाही. अक्काने एक जुनी गादीची खोळ आणली होती दशम्यांच्या टोपलीखाली घालायला. ती मोटरखाली गेली. बाळंतिणीला निजवावे तशी तिला बोलेरोच्या मागच्या भागात निजवले. पेट्रोलचा डबा होडीतून काढून गाडीच्या मागच्या कॅरिअरवर उभा बांधला. नांगर आणि साखळी होडीच्या मागच्या खणातून नाळेकडच्या खणात गेली. पुन्हा दांडा काट्यावर टेकवला. चव्वेचाळीस.

व्यापाऱ्याने पैसे घेतले नाहीत. फक्त होडीत बसून एक फोटो काढून घेतला, डोक्याला फेटा बांधून.

भेरूघाट आम्ही उतरलो तो ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्या गिअरमध्ये. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नव्हते, त्यामुळे सगळा भार बोलेरोच्या ब्रेकवर. ते सतत दाबून तापवायचे नाहीत, इंजिनाने गाडी आवरायची. मागे वाहनांची रांग लागली, काहींनी हॉर्न वाजवून आमचा उद्धार केला. देवळापाशी ड्रायव्हरने थांबून भेरूबाबांना नारळ फोडला, आणि मग चाकांपाशी जाऊन हबला तळहात लावून पाहिला. होडीच्या ट्रेलरचे हब पाण्यात जातात, त्यात पाणी शिरून ग्रीस धुतले जाते, आणि मग कुठल्याशा उतारावर बेअरिंग तापून बसते. हात टिकतो का बघायचे. टिकला. होडी त्या सगळ्या वळणांवर शहाण्या मुलासारखी मागोमाग आली.

घाटाखाली चोरल नदी, साग-पळसाचे जंगल, आणि डावी-उजवीकडे कुठेतरी त्या जुन्या मीटरगेज रेल्वेचा मार्ग, जिच्यासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यावे, ही गोष्ट मला वर्गात सांगायला फार आवडते. बडवाह आले, हवा बदलली. माळव्याचा गारवा वर राहिला आणि निमाडची उबदार धूळ खिडकीतून आत आली. कापसाची शेते, मिरच्या वाळत घातलेली अंगणे. मोरटक्क्याच्या पुलावर अक्काने खिडकीतून नर्मदेत नाणे टाकले आणि हात जोडले. ‘कृष्णामाईसारखीच आहे ना रे,’ म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर कुडचीचा पूल असणार.

सनावद, पुनासा, मूंदी हा पुढचा रस्ता लवकर संपला. दुपारी दीड-दोनला हनुवंतिया.

पाणी पाहिले आणि बोलणे थांबले. इंदिरासागर हा साठ्याच्या मानाने देशातला सर्वांत मोठा जलाशय. बाराशे कोटी घनमीटरहून जास्त पाणी. पलीकडचा काठ दिसत नाही, मध्ये टेकड्यांची बेटे झालेली. डोलकाठी उभारताना भावोजींनी आधी डोक्यावर विजेच्या तारा नाहीत ना ते दोनदा पाहिले. अॅल्युमिनियमची काठी तारेला लागून माणसे जातात, म्हणाले. ट्रेलर मागे रेटत पाण्यात नेणे हे ड्रायव्हरने एका दमात केले. स्टिअरिंग डावीकडे वळवले की ट्रेलर उजवीकडे जातो, हे डोक्याला कळते पण हाताला कळायला ट्रॉल्याच ओढाव्या लागतात. आणि पाण्यात घालण्यापूर्वी त्याने अर्धा तास थांबायला लावले. तापलेला हब एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी शोषून घेते. तोवर दशम्या, ठेचा आणि दही. मग मोटर पुन्हा फळीवर, स्क्रू घट्ट, वर साखळी.

शिडाच्या होडीला कन्नडमध्ये ‘हायिदोणी’ म्हणतात. अक्काला तो शब्द एकदम आठवला, आणि शाळेत शिकलेले कुवेंपूंचे होडीचे गाणेही. ‘मी काही बसणार नाही’ म्हणत तिने जाकिटाचे पट्टे आवळून घेतले होते. शीड भरले, होडी एका अंगाला जराशी कलली, तिने अय्यो म्हटले, आणि मग पाण्याचा सळसळ आवाज सोडून काही उरले नाही. भावोजी सुकाणूवर बसले होते. ऑपरेशन झालेला पाय त्यांनी सरळ पुढे ताणला होता आणि नजर शिडाच्या कडेवर होती. तीस वर्षांत मी त्यांना इतके गप्प पाहिले नव्हते.

सोबत माहितगार म्हणून तिथलाच एक माणूस घेतला होता. तो बोट करून सांगत होता, इथे अमुक गाव, तिथे तमुक. मग म्हणाला, ‘और उधर हरसूद.’ हरसूद हे तालुक्याचे गाव. १९८९ च्या सप्टेंबरात मोठ्या धरणांविरुद्धचा देशातला एक मोठा मेळावा तिथे भरला होता, बाबा आमटे आणि मेधा पाटकर त्यात होते. २००४ च्या जूनअखेर ते गाव रिकामे करायचा हुकूम झाला. लोकांनी आपली घरे आपल्याच हातांनी पाडली, दारे-खिडक्या-विटा ट्रॅक्टरमध्ये भरल्या आणि छनेराजवळ वसवलेल्या नव्या हरसूदला गेले. तो माणूस त्या वेळी सतरा वर्षांचा होता. त्यांच्या ट्रॅक्टरची ट्रॉली एवढी भरली होती की पुढची चाके उचलली जात होती, म्हणून त्याला आणि त्याच्या भावाला बॉनेटवर बसवले होते.

अक्का पाण्याकडे बघत होती. आमच्या आईचे माहेर जुन्या बागलकोटातले. अलमट्टीचे पाणी चढत आले तेव्हा मामांनी घराचा सागवानी चौकट-दरवाजा काढून नवनगरला नेला, तो तिथल्या सिमेंटच्या घराला बसेना म्हणून कित्येक वर्षे अंगणात उभा होता. हिडकलच्या पाण्यात उन्हाळ्यात विठ्ठलाचे देऊळ वर येते, ते पाहायला आपल्याकडचे लोक जातात. तसे इथे काही वर येते का, असे अक्काने विचारले. ‘आता है,’ तो म्हणाला, ‘गर्मी में, पानी उतरा तो. हम जाते हैं देखने.’

मग ती त्याच्याशी बोलत राहिली. तुमचे घर कोणत्या गल्लीत होते, विहीर होती का, देव कुठे नेले. हिंदीत विचारी, मध्येच मराठीत, एकदा तर चक्क कन्नडमध्ये ‘एष्टु मने’ म्हणून गेली. तो उत्तरे देत राहिला.

साडेचारच्या सुमारास वारा पडला. शीड ओल्या धोतरासारखे लोंबू लागले आणि होडी होती तिथे उभी राहिली. काठ दोन-अडीच किलोमीटरवर. भावोजींनी शीड उतरवले, खुंटी काढून मोटर पाण्यात सोडली, दोरी माझ्या हातात दिली. पहिल्या ओढीला काही नाही, दुसऱ्या ओढीला खोकली, तिसऱ्याला सुरू झाली. धक्क्यावर बोलेरो उलट्या तोंडाने उभी होती, ट्रेलर अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात. आणि ड्रायव्हर लेंगा गुडघ्यावर खोचून, हातात ग्रीसचा डबा घेऊन आमची वाट बघत होता.